शीलाताईंचं वेक्सबी

शीलाताई रामटेक्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या गवतावर पालथ्या पडल्या होत्या. चँडलरमधल्या आमच्या कॉलनीमागची बाग, उतरतं ऊन, आणि त्या उन्हात साठीच्या आसपासची एक बाई. अंगात सुती कुर्ता, पायात धावायचे बूट, उजवा गाल जमिनीला टेकवलेला, एक डोळा मिटलेला. ॲरिझोनाच्या उन्हानं माणसं चक्कर येऊन पडतात हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं होतं. मी पाण्याची बाटली घेऊन धावत गेले आणि ओरडले, "आर यू ओके?"

"थांब ना बाप्पा, सावली चालली," बाई स्वतःशीच पुटपुटल्या, आणि मग मान न हलवता इंग्रजीत म्हणाल्या, "मी ठीक आहे."

"तुम्ही मराठी आहात?"

"तू पण? मग उभी काऊन राहिली? ये, झोप इथं. लवकर."

ज्या आवाजात त्यांनी हे सांगितलं त्याला नाही म्हणता येत नसे, हे पुढे मला पुष्कळदा कळायचं होतं. मी ऑफिसच्या कपड्यांत गवतावर आडवी झाले, गाल टेकवला आणि एक डोळा मिटला. उभं राहिल्यावर ती बाग टेबलासारखी सपाट दिसायची. गालावरून बघताना मात्र गवतातून दोन लांबलचक उंचवटे एकमेकांना धरून पार रस्त्यापर्यंत जाताना दिसले. मधल्या खळग्यात सावली भरली होती. "कालवा," ताई म्हणाल्या. "इथल्या मूळ लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी खणलेला. बुजला, वर बाग झाली, पण जमीन विसरली नाही. दिसला?" मी हो म्हणाले तशी त्या उठून बसल्या, कुर्त्यावरचं गवत झटकलं आणि शाळेतली मुलगी हसते तशा हसल्या. पुढच्या सोमवारी ऑफिसात मला टीम मिळाली आणि कळलं की याच बाई तिच्या मुख्य आहेत.

आमचं काम चिप्स बनवण्याच्या कारखान्यातलं. सिलिकॉनच्या आरशासारख्या चकत्यांवर कुठे ओरखडा आहे, कुठे धुळीचा कण चिकटलाय, हे शोधायचं. सरळ उजेडात चकतीत फक्त आपलाच चेहरा दिसतो. उजेड अगदी कडेने, तिरपा टाकला की बारीकसा ओरखडाही चमकून उठतो. ताईंनी यात उभं आयुष्य घालवलं होतं आणि त्यांचं बोलणंही त्यातूनच घडलं होतं. मीटिंगमध्ये कोणी गुळगुळीत रिपोर्ट वाचून दाखवला की त्या म्हणायच्या, "छान आहे. आता उजेड तिरपा पाड." आणि कोणी एखादी गोष्ट ठासून सांगितली, मग तो साहेब असो, बातम्या देणारा असो की स्वतःचा नवरा, त्यांचा एकच प्रश्न ठरलेला असे, "हे कोणी सांगितलं? आणि सांगताना तो कुठं उभा होता?"

त्या भंडारा जिल्ह्यातल्या. नागपुरात इंजिनियरिंग केलं, तिथेच डॉक्टरेट घेतली आणि लहान मुलीला कडेवर घेऊन अमेरिकेत आल्या. चँडलरमध्ये आमच्या लोकांच्या मंडळाचा कुठलाही कार्यक्रम त्यांच्याशिवाय पार पडत नसे. जयंतीला हॉल बुक करणं असो, नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना गाद्या आणि कुकर मिळवून देणं असो, की बुद्धवंदनेला बसलेल्या मुलांना न रागावता गप्प करणं असो. त्यांचे यजमान अशोकराव हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले. घरात दोघांचं वाटप पक्कं होतं. ताई उत्साहात यायच्या आणि अशोकराव चहा ठेवायचे.

त्यांची मुलगी मैत्रेयी लंडनला शिकायला गेली आणि तिथे तिने टॉमशी लग्न ठरवलं. टॉम लिटल वेक्सबीचा. इंग्लंडच्या मध्यभागातलं हे इतकं छोटं गाव की टॉमलासुद्धा ते नकाशात बोट ठेवून दाखवावं लागे. एक चर्च, त्या चर्चच्या हद्दीत येणारी थोडी घरं आणि शेतं, म्हणजे तिथल्या भाषेत एक पॅरिश. आणि या सगळ्याची एके काळी मालकी असलेल्या जमीनदाराचं मॅनर हाउस. ताई त्याला सरळ 'गढी' म्हणायच्या. गढीचं आता हॉटेल झालं होतं आणि लग्न तिथेच होतं.

लग्नाहून परत आल्यावर ताईंनी मला घरी बोलावून लॅपटॉपवर फोटो दाखवले. त्यात नवरा-नवरी शोधावे लागत होते. हिरवळ, हिरवळ, पुन्हा हिरवळ, आणि तिच्या टोकाला एक जुनं दगडी चर्च.

"ताई, मैत्रेयी कुठंय?"

"असेल तिकडे कुठंतरी. तू हे बघ. चर्च बघ."

"सुंदर आहे."

"सुंदर आहे ते ठेव बाजूला. एकटं काऊन आहे ते?"

मी पुन्हा पाहिलं. खरंच, चर्चच्या आजूबाजूला काहीच नव्हतं. पलीकडे गढी, मध्ये हिरवळ, लांबवर मोठमोठी झाडं. गाव त्या झाडांच्याही मागे, रस्त्याच्या कडेला होतं, गढीतून अजिबात दिसणार नाही असं.

"बिनामाणसांच्या जागी चर्च कोणी बांधतं का?" ताईंचे डोळे चमकत होते. "माणसं राहतात तिथं बांधतात. मग माणसं गेली कुठं? मी हॉटेलवाल्याला विचारलं, तर त्यानं भिंतीवरचा इतिहास दाखवला. कोणत्या साहेबानं गढी बांधली, कोणी पुढची बाजू नवी केली, कोणी झाडं लावली. सगळा इतिहास साहेबांचा. गाव कुठंच नाही त्याच्यात."

गावाचा इतिहास एका छोट्या पुस्तिकेत होता आणि ती ताईंनी आणलीही होती. मार्गारेट नावाच्या बाईंनी लिहिलेली. या मार्गारेट त्या चर्चची व्यवस्था पाहत. सत्तरी ओलांडलेल्या, जन्मापासून वेक्सबीत, आणि टॉमच्या आईच्या शब्दांत सांगायचं तर गावातलं पान त्यांना विचारल्याशिवाय हलत नसे. पुस्तिकेत लिहिलं होतं की जुनं गाव चर्चभोवतीच होतं, पण मध्ययुगात प्लेगची साथ आली, सगळे मेले, आणि पुढे पुष्कळ काळाने रस्त्याच्या कडेला नवं गाव वसलं.

"झालं की मग," मी म्हणाले. "उत्तर मिळालं."

"हे कोणी सांगितलं? आणि सांगताना तो कुठं उभा होता?" ताईंनी पुस्तिका मिटली. "मी सांगते. गढीच्या खिडकीत उभा होता. साथ आली असेल, नाही म्हणत नाही. पण त्या हिरवळीवर मी संध्याकाळी फिरले ना गौरी. लग्नाच्या साडीत पूर्ण खाली झोपता आलं नाही, नाहीतर तिथंच सांगितलं असतं. खाली काहीतरी आहे."

त्यानंतरचे आमचे शनिवार वेक्सबीचे झाले. विमानातून लेसर सोडून जमिनीची उंची बोटभर फरकापर्यंत मोजतात आणि इंग्लंडमध्ये ती माहिती कोणालाही फुकट मिळते, हे ताईंनी शोधून काढलं. ती त्यांनी उतरवून घेतली आणि ऑफिसात चकत्यांना लावतो तीच युक्ती तिला लावली. स्क्रीनवर एक खोटा सूर्य तयार केला आणि तो त्या हिरवळीभोवती फिरवू लागल्या. सूर्य डोक्यावर असताना सगळं राखाडी आणि सपाट. दक्षिणेकडून टाकला तर काही धूसर रेघा. मग त्यांनी सूर्य पश्चिमेला नेला आणि पार क्षितिजाला टेकवला.

मी तो क्षण विसरणार नाही. हिरवळीतून एक रस्ता वर आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छोटे छोटे चौकोन, प्रत्येक चौकोनामागे परसाची लांबट पट्टी, वळणावर तळ्यासारखा एक गोल खळगा. रस्ता चर्चच्या दारापाशी जाऊन थांबत होता. ते चर्च आता एकटं नव्हतं. ते गावाच्या बरोबर मध्ये होतं.

ताईंनी टेबलावर थाप मारली ती इतक्या जोरात की अशोकरावांनी नुकताच आणून ठेवलेला चहा त्यांच्याच पँटवर सांडला.

"अहो, गाव सापडलं!"

"कोणाचं?" अशोकराव पँट झटकत म्हणाले.

"ज्यांचं होतं त्यांचं!" ताई खुर्चीतून उठून खोलीभर फिरू लागल्या. "आणि हे बघा, घरं पाडली ती सगळी गढीच्या पुढच्या बाजूची. समोरच्या मोठ्या खिडक्यांतून नजर टाकली की जेवढं दिसतं, तेवढंच गाव गायब. साथ खिडकीतून बघून बघून येते का?"

ताईंनी ते चित्र मार्गारेटना पाठवलं. उत्तर सभ्य आणि थंडगार आलं. आमच्या गावाविषयी तुम्हाला वाटणाऱ्या आस्थेबद्दल आभार. त्या रेघा जुन्या नांगरटीच्या आहेत. लांबून पाहिलं की सगळंच नवलाचं वाटतं. मला राग आला. ताई मात्र खूश. "बाईचा आपल्या गावावर जीव आहे," त्या म्हणाल्या. "भांडायला अशीच पाहिजे."

भांडायची वेळ लवकरच आली. मैत्रेयीचा फोन आला की हॉटेल त्याच हिरवळीवर गाड्यांसाठी पार्किंग करणार आहे. माती उकरून काढायची, खडी भरायची, वर डांबर. परवानगी देण्याआधी गावाचं मत घेणार होते आणि त्यासाठी पॅरिश कौन्सिलची, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीची, सभा होती. बाहेरच्यांना व्हिडिओवरून दोन शब्द बोलता येणार होते.

तिकडची संध्याकाळ म्हणजे आमची ऐन सकाळची कामाची वेळ. ताईंनी ऑफिसातली एक छोटी खोली अडवली आणि मला शेजारी बसवलं. मोठमोठ्या साहेबांसमोर ज्या बाईंचा आवाज कधी हलला नाही, त्या माझा हात धरून म्हणाल्या, "गौरी, मी कोण व तिथं बोलणारी? दोन दिवसांची पाहुणी."

नेमकं हेच मार्गारेटनी सभेत विचारलं. पांढरे केस, मोत्यांची माळ, ताठ मान. "मिसेस रामटेके, तुम्ही आमच्याकडे लग्नापुरत्या आला होतात, बरोबर?"

"बरोबर," ताई म्हणाल्या. "आणि तुम्ही सगळं आयुष्य तिथं आहात. म्हणून तुम्हालाच विचारते. तुमचं घर चर्चपासून इतकं लांब, लहानपणी हिवाळ्यात तिथंवर चालत जायचा ना? कोणी सांगितलं का कधी, असं का ते?"

मार्गारेटनी मान आणखी ताठ केली. मग म्हणाल्या, "तुमचं म्हणणं असं आहे का, की आमच्या जमीनदारांनी स्वतःच्याच माणसांना घराबाहेर काढलं? खिडकीतून हिरवळ दिसावी म्हणून? या गावातली निम्मी घरं पिढ्यान्‌पिढ्या त्या गढीत कामाला होती. आम्हाला त्याचा अभिमान आहे."

"मला माहीत नाही बाई, खरंच माहीत नाही. मी फक्त पृष्ठभाग बघते, माझं कामच ते. हा पृष्ठभाग म्हणतो की खाली काहीतरी आहे. एक छोटा खड्डा खणून बघा. मी चुकले तर खुशाल पार्किंग करा. पहिली गाडी मी येऊन लावीन."

तिकडे कोणीतरी मोठ्यानं हसलं, मग सगळेच हसले. थोडी वादावादी झाली आणि ठरलं की आधी एक चाचणीचा खड्डा घ्यायचा. हॉटेलनं कुरकुरत का होईना मान्य केलं. उत्खनन करणारी एक तज्ज्ञ बाई येणार आणि देखरेखीला स्वतः मार्गारेट. "चुकीचं ठरवायलाच उभी राहणार ती," ताई म्हणाल्या आणि त्यांनी मला मिठी मारली. "चांगलंच आहे. ती उभी असताना जे सापडेल ते कोणाला नाकारता येणार नाही."

खणायच्या दिवशी तिकडे दुपार आणि आमच्याकडे नुकतं उजाडलेलं. ताईंच्या घरी लग्नघरासारखी गर्दी. अशोकरावांनी पोहे केले होते. विद्यापीठातली मुलं जमिनीवर पसरली होती, मंडळातल्या काकू खुर्च्या ओढून टीव्हीसमोर बसल्या होत्या. मैत्रेयी तिकडून फोनवर दाखवत होती आणि ते आमच्या टीव्हीवर दिसत होतं. हिरवळीवरचं गवत सोलून बाजूला ठेवलं. माती. मग आणखी माती. मग एक मूळ. मग पुन्हा माती. विद्यार्थ्यांपैकी एकजण पोह्यांची दुसरी प्लेट संपवून म्हणाला, "यार, क्रिकेटच्या टेस्टपेक्षा स्लो आहे हे." अशोकराव म्हणाले, "मला वाटतं पार्किंगच बरं." ताई उभ्याच होत्या. पोह्यांना हात लावला नव्हता.

मग खरवडण्याचा आवाज बदलला. आम्ही सगळ्यांनी तो ऐकला. मातीवर चालणारं लोखंड दगडावर आलं होतं.

"थांब, थांब," मैत्रेयी तिकडे ओरडली आणि चित्र हललं. ते स्थिरावलं तेव्हा तज्ज्ञ बाई ब्रशनं माती लोटत होत्या. एक लांब, सपाट दगड. त्याच्या एका बाजूला दाबून बसवलेली पिवळसर मातीची जमीन, दुसऱ्या बाजूला खडे. आणि दगडाच्या मधोमध एक उथळ, गुळगुळीत खळगा, जसा वर्षानुवर्षांच्या पावलांनी पडतो.

"उंबरठा," आमच्या खोलीतल्या एक काकू हलकेच म्हणाल्या. त्यांना कोणी काही समजावलं नव्हतं. समजवायची गरजही नव्हती.

पुढे भराभर वस्तू निघाल्या. पांढऱ्या मातीच्या चिलमीची नळी. निळी नक्षी असलेल्या चिनी मातीच्या ताटाचा तुकडा. तज्ज्ञ बाईंनी तो कॅमेऱ्यासमोर धरला आणि शांतपणे सांगितलं, "प्लेगनंतर कित्येक शतकांनी बनलेला आहे हा. गढीची पुढची बाजू नवी केली, साधारण त्याच काळातला. तोवर इथे लोक राहत होते. या दारातून आत-बाहेर करत होते."

मार्गारेट खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या. त्यांनी हातमोजा काढला, कोणाचा आधार न घेता गुडघ्यांवर बसल्या आणि तळहात त्या खळग्यात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग मैत्रेयीच्या फोनकडे, म्हणजे आमच्याकडे, बघून म्हणाल्या, "माझी आजी म्हणायची, आपण हिरवळीवरचे. आम्हाला वाटायचं, आमचे लोक तिथे माळीकाम करायचे, म्हणून म्हणत असेल."

आमच्या खोलीत जो आरडाओरडा झाला, तो शेजारच्या अमेरिकन बाईंनी दार वाजवून चौकशी करण्याइतका. मुलं टाळ्या वाजवत होती, काकू डोळे पुसत होत्या, अशोकराव शेजारणीला पोहे देऊन "आम्हाला एक गाव सापडलं" असं इंग्रजीत समजावत होते. ताई टीव्हीला हात लावून उभ्या होत्या. त्यांना हसू येत होतं की रडू, ते त्यांनाही ठरवता येत नव्हतं.

पार्किंग घोड्यांच्या जुन्या पागेमागे गेलं. मार्गारेटनी पुस्तिका नव्यानं लिहायला घेतली आणि त्या दोघींचे फोन सुरू झाले. एकेका वाक्यावरून भांडण. एकदा मी तिथेच होते. मार्गारेटनी वाचून दाखवलं, "मग गाव रस्त्याकडेला सरकलं." ताई ताडकन म्हणाल्या, "गाव सरकत नाही मार्गारेट. त्याला पाय नाहीत. सरकवणारा लिहा." मग पलीकडून खोडल्याचा आवाज आणि मार्गारेटचा सुस्कारा, "तुम्ही फार त्रासदायक आहात, शीला." त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा ताईंना नावानं हाक मारली.

फेब्रुवारीत, ॲरिझोनातली हवा सगळ्यात गोड असते तेव्हा, मार्गारेट चँडलरला आल्या. त्या वयात एकट्या, इतक्या लांब. ताईंनी त्यांना काटेरी निवडुंग दाखवले, बागेतला कालवा दाखवला, मंडळाच्या कार्यक्रमात पुरणपोळी खाऊ घातली. एका दुपारी आम्ही ताईंच्या मागच्या अंगणात संत्र्याच्या झाडाखाली बसलो होतो. ताई संत्री सोलून देत होत्या आणि वेक्सबीचं तळं कुठपर्यंत होतं यावर तावातावानं बोलत होत्या. मार्गारेटनी मध्येच विचारलं, "आणि तुमचं, शीला? तुमची माणसं कुठे राहायची?"

"आमची? भंडाऱ्याकडे, सांगितलं ना."

"गावात?"

"गावाबाहेर." ताईंनी संत्र्याची साल टाकली. "गावात मालगुजाराचं, म्हणजे आमच्याकडच्या जमीनदाराचं, घर, देऊळ, मोठ्या लोकांची घरं. आमची वस्ती वेगळी, तलावाच्या उताराला. गावाची माहिती सांगायला कोणी बसलं की मालगुजाराच्या घरापासून सुरुवात करायचा आणि देवळापाशी संपवायचा. आम्ही त्याच्यात नसायचोच. मी लहान असताना तलाव मोठा केला, तर वस्ती पाण्यात गेली. आम्हाला दुसऱ्या अंगाला माळावर जागा दिली. मग मी नागपूरला शिकायला गेले."

"म्हणजे ती घरं पाण्याखाली आहेत."

"हो."

"उन्हाळ्यातसुद्धा?"

ताईंचा हात थांबला. अर्धं सोललेलं संत्रं तसंच हातात राहिलं.

"मी कधी बघितलंच नाही," त्या म्हणाल्या. अगदी बारीक आवाजात. "गावी जाते, भावाला भेटते, परत येते. तलावाकडे गेलेच नाही कधी."

"मे महिन्यात आटतो तो," अशोकराव दारातून म्हणाले. "तुझ्या भावानं मागे फोटो पाठवला होता. गुरं चरत होती मधोमध."

मार्गारेटनी मांडीवरचा रुमाल बाजूला ठेवला. "मग आपण इथे संत्री का खात बसलोय?"

मे महिन्यात विदर्भात जाण्याचा बेत मार्गारेटच्या डॉक्टरांना, मुलाला आणि टॉमच्या आईला, कोणालाच पसंत नव्हता. मार्गारेट गेल्या. ताई चँडलरहून निघाल्या, मार्गारेट लंडनहून, आणि दोघी नागपूरच्या विमानतळावर भेटल्या. अशोकरावांचे गुडघे दुखत होते, म्हणून ते घरी राहिले. ताईंनी सांगितलेल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. तिकडे सकाळ झाली होती, ऊन चढायच्या आतली.

फोन लागला तो आवाजांच्या गदारोळातच. स्क्रीनवर भेगाळलेली करडी माती, लांबवर पाण्याची एक पट्टी. मातीत छपराच्या कवेलूंचे लाल तुकडे पडलेले, दगडांच्या ओळी, एका जागी बुजलेल्या विहिरीचं कडं. आणि माणसंच माणसं. ताईंचे भाऊ, चुलतभाऊ, वहिन्या, माळावरच्या वस्तीतली म्हातारी मंडळी, लेकीसुना. एका झाडाच्या सावलीत खाटेवर मार्गारेट बसल्या होत्या. डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला, हातात ताकाचा पेला, आणि आजूबाजूच्या बाया त्यांना एकाच वेळी वारा घालत आणि प्रश्न विचारत होत्या. कोणालाच कोणाची भाषा कळत नव्हती आणि कोणाचंच अडत नव्हतं.

"गौरी, दिसून राहिलं का?" ताईंचा चेहरा मध्येच आला, लालबुंद, घामानं निथळलेला. "किती जण भांडून राहिले बघ! आत्याबाई म्हणते आमचं घर इथं. बाबुराव म्हणतो तिथं. दोघांचं एकमेकांशी जुळत नाही!"

"मग आता कळणार कसं?" मी विचारलं.

"कळेल ना! सगळ्यांना विचारू. सगळे जिवंत आहेत अजून, विचारायला!" आणि त्या इतक्या आनंदानं हसल्या की अशोकरावही पुढे सरकून बघू लागले.

तेवढ्यात मागून कोणीतरी काहीतरी बोललं. ताईंनी मान वळवली. फोन त्यांनी घाईघाईनं एका दगडावर ठेवला असावा, कारण पडद्यावर आता नुसतं आभाळ होतं, पांढरं पडत चाललेलं. चित्र गेलं, पण आवाज येत होते. मीटिंगमध्ये साहेबांना गप्प बसवणारा, सभेत परक्या भाषेत नीट शब्द निवडणारा तो आवाज मला ओळखू येईना. तो लहान झाला होता, पातळ आणि हट्टी, शब्दांना गावाकडचे हेल फुटले होते.

"नाही व आत्याबाई, आपलं घर विहिरीच्या अलीकडे होतं! अलीकडे! चिंचेखाली मी अन् माय बसत नव्हतो का?"

"चिंच कुठं व तिथं, पोरी? चिंच त्या अंगाला!"

"मी सांगते ना तुले!"

अशोकरावांनी फोन बंद केला नाही. माझ्यासाठी शेजारची खुर्ची ओढली, आणि आम्ही दोघं ते रिकामं आभाळ बघत ऐकत बसलो.